क्विझला नेलेलं आगळ

नातीच्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी क्विझसाठी तीन मुलींचा संघ केला आणि त्यात आमच्या बाईसाहेबांचं नाव आलं, तेव्हाच मी सुनेला म्हटलं, "ही जाणार आणि दगडासारखी बसून येणार."

"आई, तिच्यासमोर असं बोलू नका हो."

नात समोरच पोहे खात होती. ती मान वर न करता म्हणाली, "बरोबर बोलतेय आजी. मी दगडच आहे."

नात नववीत आहे. घरात बोलते, मैत्रिणींशी तर फोनवर तासन्‌तास बोलते. पण समोर माईक आला की तिचं तोंड मिटतं. सातवीत तिला वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं होतं. "सन्माननीय व्यासपीठ" एवढं म्हणाली आणि थांबली. पुढचं सगळं भाषण तोंडपाठ होतं, मीच घेतलं होतं तिच्याकडून, पण एक शब्द बाहेर येईना. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं, मग हळूहळू अख्खा हॉल हसला. तेव्हापासून ती स्टेजवर गेली नाही. वर्गातही उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. शेजारणीच्या कानात सांगायची आणि शेजारीण शाबासकी घ्यायची.

क्विझ दादरच्या एका शाळेत होती. आमच्या संघातली एक चष्मेवाली, बझर दाबायलाच जन्माला आलेली. दुसरी उंच, तिचं गणित पक्कं. तिसरी आमची. बाईंनी तिला घेतलं कारण तिघींत सगळ्यात जास्त तिलाच येत होतं. बोलायचं काम त्या दोघी करतील, हिने कागदावर उत्तर लिहून पुढे सरकवायचं, असं ठरलं. नात खूश होती. मग नियमांचा कागद आला. शेवटची फेरी प्रयोगाची होती, आणि प्रयोग कसा केला, काय दिसलं, ते आधीच्या फेऱ्यांत न बोललेल्या सदस्यानेच माईकवर सांगायचं होतं.

"म्हणजे मीच," ती संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसली. "आजी, या वेळी नाही ना जमलं, तर मी परत कधीच स्टेजवर चढणार नाही. आत्ताच सांगून ठेवतेय. मग कुणी मला समजवायला यायचं नाही."

रडत म्हणाली असती तर मी कुशीत घेतलं असतं. पण ती भाजी संपली असं सांगावं तितक्या शांतपणे म्हणाली, त्याने मी घाबरले. अशा वेळी शहाणी बाई धीराचे चार शब्द बोलते. मी तिला माझी गोष्ट सांगितली, कारण कुठल्याही प्रसंगाला माझ्याकडे माझीच गोष्ट तयार असते.

मीही नववीत होते. आम्ही तेव्हा भोईवाड्यात राहायचो. परळच्या एका शाळेत विज्ञानाची प्रश्नमंजूषा होती. तेव्हा बझर कुठले? टेबलावर पितळी घंटी, वरून थाप मारायची. माझ्या डाव्या-उजव्या बाजूला दोन खरोखर हुशार मुली होत्या. त्यांचा त्या दिवशी कोणालाच उपयोग झाला नाही, कारण घंटी माझ्या हाताखाली होती. गुरुजींनी सुरुवात केली, "पाण्याचं रासायनिक सूत्र..." मी टण्ण! "एच टू ओ!" गुरुजी म्हणाले, "...सगळ्यांना माहीत आहे. जड पाण्याचं काय?" मला वाटलं, जड पाणी म्हणजे आमच्या नळाला येतं ते, ज्यात डाळ शिजत नाही. पुढचा प्रश्न, "हिरा आणि ग्रॅफाइट ही दोन्ही..." टण्ण! "कार्बन!" गुरुजींनी शांतपणे वाक्य पूर्ण केलं, "...कार्बनचीच रूपं आहेत, तर ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि हिऱ्यातून का वाहत नाही?" आता हिरा मी जन्मात पाहिला नव्हता, त्यातून काय वाहतं ते मला कसं ठाऊक? चुकीच्या उत्तराला गुण वजा होते. आमचे गुण शून्याखाली गेले तेव्हा फळ्यावर उणे चिन्ह काढायला जागा नव्हती, तर शेजारच्या शाळेचा आकडा पुसून सरकवून लिहिला. घरी जाऊन मी वडिलांना छाती काढून सांगितलं, "बाबा, सगळ्यात जास्त उत्तरं मीच दिली." त्यात खोटं काहीच नव्हतं.

नात हसून हसून आडवी झाली. "आजी, आपल्या दोघींना मिक्सरमधून काढलं ना, तर एक नॉर्मल माणूस निघेल."

मग आमच्या लालबागच्या घरी तालीम सुरू झाली. तिघी शाळेतून परस्पर आमच्याकडे यायच्या. मी पुस्तक घेऊन सोफ्यावर, बझर म्हणून स्टीलचा पेला नि चमचा. मूलद्रव्यांची ती लांबलचक नावं वाचताना माझी कवळी हलायची. 'प्रासिओडिमियम'ला तर ती खाली आली आणि चष्मेवालीने त्यावरही पेला वाजवला. मी विचारायचे, त्या दोघी ओरडायच्या, नात कागदावर लिहून पुढे ढकलायची. मी म्हणायचे, "बोल गो बाय, तोंडाने बोल." ती म्हणायची, "त्या दिवशी बोलीन." मला ते 'त्या दिवशी' खरं वाटत नव्हतं.

प्रयोगाच्या फेरीसाठी प्रत्येक संघाने घरगुती इंडिकेटर बनवून आणायचा होता. म्हणजे असा पदार्थ, जो आम्लात एक रंग दाखवेल आणि आम्लारीत दुसरा. चष्मेवाली म्हणाली, "सिंपल. हळद."

"हळद?" मी नाक मुरडलं. "अख्खं दादर हळदीची पुडी घेऊन येईल."

खरं तर हळदीचं आणि माझं जुनं वैर आहे. लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले त्याच महिन्यातली गोष्ट. सासूबाईंच्या पांढऱ्या पातळावर माझ्या हातून हळद सांडली. त्या दुपारी झोपल्या असताना मी गुपचूप मोरीत बसले आणि डागावर वडीचा साबण घासला. पिवळा डाग लालभडक झाला. मला वाटलं, हात कापला. मी हात बघते, रक्त नाही. पातळ बघते, रक्तच रक्त. मी अशी किंकाळी फोडली की मजल्यावरच्या सगळ्या बायका गोळा झाल्या आणि सासूबाई उठून आल्या, ज्यांना उठवायचं नाही म्हणून हा सगळा खटाटोप होता. एका शेजारणीने पाणी ओतून डाग परत पिवळा करून दाखवला. "काय गो, एवढी मॅट्रिक शिकलंस, ह्या नाय शिकवल्यानी?" शिकवलं होतं की. परीक्षेत आलं होतं, आणि त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले होते!

तर हळद नको. मी उठून फ्रिजमधून आगळाची बाटली काढली. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून टिकवलेला दाट लाल रस. माझा भाऊ दर उन्हाळ्यात गावाहून पाठवतो. आमच्याकडे पित्त उठलं की आगळ, ऊन लागलं की आगळ, पाहुणे आले की आगळाची सोलकढी. रसायनशास्त्र आलं तेव्हा माझा हात दुसरीकडे कुठे जाणार? मी एका वाटीत धुण्याचा सोडा चांगला दाट कालवला आणि त्यात आगळाचे थेंब टाकले. लाल रंग जाऊन मळकट हिरवा झाला. तिघींनी टाळ्या पिटल्या. मी अशी बघत होते जणू शोध मीच लावला.

सून दारातून म्हणाली, "आई, पण आगळ मुळातच आंबट असतं ना?"

"तू गिरगावातली. तुला आगळातलं काय कळतंय?"

नातीने हळूच विचारलं, "आजी, एकदा खाण्याच्या सोड्यावर पण बघूया का? तो एवढा स्ट्राँग नसतो."

"कशाला? उगाच आगळ फुकट घालवू नका. आणि ते थेंबाथेंबाने काय टाकता चिमणीसारखं? दोन-दोन चमचे घाला. सोलकढीला मी तेवढंच घालते."

नातीने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. तिथे तिने बोलायला हवं होतं आणि मी ऐकायला. दोन्ही आमच्या स्वभावात नव्हतं.

क्विझच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले आणि सुनेच्या शेजारी, पालकांच्या दुसऱ्या रांगेत बसले. स्टेजवर संघांची टेबलं, मागे मोठा पडदा, त्यावर कॅमेऱ्यातून टेबलावरचं सगळं आणि मुलींचे चेहरे दिसत होते. निवेदक एक कोटातला तरुण होता. त्याने बजावलं की प्रेक्षकांतून कोणी उत्तर सांगितलं तर त्या संघाची ती फेरी बाद होईल. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस?"

पहिल्या फेऱ्या झकास गेल्या. चष्मेवालीचा हात बझरवरून उठत नव्हता, पण ती प्रश्न संपेपर्यंत थांबायची. ही अक्कल मला त्या वयात कुणी विकत दिली असती तरी मी घेतली नसती. उंच मुलगी हिशेब कागदाशिवाय करत होती. नात लिहून चिठ्ठ्या सरकवत होती, आणि ती लिहील ते बरोबरच निघत होतं. शेवटच्या फेरीआधी आम्ही दुसऱ्या नंबरावर होतो.

मग प्रत्येक टेबलावर पाण्यासारखी दिसणारी तीन द्रावणं आली, तीन बीकरांत. वास घ्यायचा नाही, चव घ्यायची नाही. आपल्या इंडिकेटरने त्यातलं आम्ल कोणतं, आम्लारी कोणतं आणि दोन्ही नसलेलं कोणतं ते ओळखायचं. हळदवाल्यांची एक नळी लगेच लाल झाली, पण उरलेल्या दोन पिवळ्याच राहिल्या, त्यामुळे ते एकमेकांची तोंडं बघत बसले. एका संघाने जास्वंदीच्या फुलांचं पाणी आणलं होतं. त्यांच्या नळ्या गडद गुलाबी, हिरवी आणि फिकट अशा सुरेख दिसायला लागल्या. मला त्यांचा रागच आला.

आमच्या मुलींनी थोडं थोडं द्रावण नळ्यांत घेतलं आणि माझ्या मापाने दोन-दोन चमचे आगळ घातलं. तिन्ही नळ्या गुलाबी. अगदी सारख्या गुलाबी, पाहुण्यांसाठी सरबताचे तीन ग्लास भरून ठेवावेत तशा. मधली थोडी फसफसली आणि निवली. चष्मेवालीने उंच मुलीकडे पाहिलं, उंच मुलीने छताकडे. नातीपुढे माईक सरकवलेला होता. तिचे ओठ घट्ट मिटलेले पडद्यावर दिसत होते, आमच्या भिंतीएवढे मोठे.

मी उभी कधी राहिले ते मला माहीत नाही.

"अगं, कमी पडलंय! अजून घाल आगळ!"

मी आपलं हळूच म्हटलं होतं. सून म्हणते, बाहेरचा वॉचमन आत डोकावला. सगळा हॉल मागे वळला. निवेदक म्हणाला, "माफ करा, पण प्रेक्षकांमधून मदत आलेली आहे. नियमाप्रमाणे या संघाची फेरी..."

माझ्या पोरीची शेवटची संधी, आणि मी पुन्हा घंटीवर थाप मारली होती.

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला, "आजी, तू गप्प बस ना! तुझ्या आगळामुळेच झालंय हे सगळं!"

हॉल हसला. पोटभर, अगदी सातवीतल्यासारखाच. नातीचा हात तोंडावर गेला. मला वाटलं, संपलं. पण या वेळी सगळ्या माना माझ्याकडे वळलेल्या होत्या आणि ते तिला वरून स्वच्छ दिसत होतं. मी काय करावं? मी हॉलला चारी बाजूंना वाकून नमस्कार केला, निवडून आल्यासारखा. लोक आणखी हसले. आणि मग नातही हसली, माईकमध्येच, फुस्सकन.

परीक्षकांमध्ये पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी माईक ओढून घेतला. "आजींचा सल्ला साफ चुकीचा आहे. त्याने संघाला फायदा होण्याची शक्यता नाही. फेरी बाद होत नाही. मात्र आजींनी आता बोलू नये."

मी पदर तोंडावर धरला आणि सुनेने माझा दंड धरला.

"मॅडम, मी सांगू का?" नात म्हणाली. आवाज कापत होता, पण येत होता. "आगळ स्वतःच अ‍ॅसिडिक असतं. आम्ही ते खूप घातलं, म्हणून बेस त्यातच संपून गेला आणि रंग बदललाच नाही. घरी आम्ही धुण्याच्या सोड्यावर करून बघितलं होतं. खाण्याच्या सोड्यावर पण बघायचं होतं, पण आजी म्हणाली आगळ फुकट जाईल."

पुन्हा हशा. तिने तो संपेपर्यंत थांबून घेतलं. हे कुठे शिकली देव जाणे.

"पण मधल्या नळीत बुडबुडे आले. म्हणजे आगळातल्या अ‍ॅसिडची कशाशी तरी रिअ‍ॅक्शन झाली. ते द्रावण खाण्याच्या सोड्याचं असणार. तो बेस. आता आम्ही हे मधल्या बीकरमधलं, आगळ न घातलेलं द्रावण उरलेल्या दोन द्रावणांत टाकून बघतो." तिने उंच मुलीला खूण केली. उंच मुलीने दोन कोऱ्या नळ्या भरल्या आणि ओतलं. एक नळी फसफसून वर आली. दुसरी ढिम्म. "हे अ‍ॅसिड. आणि ज्यात काहीच झालं नाही, ते न्यूट्रल."

"बुडबुडे कसले?" पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं.

"कार्बन डायऑक्साइडचे."

"मग तुमचा इंडिकेटर कोणता धरायचा?"

नातीने मधली गुलाबी नळी उचलून दाखवली. "आगळच, मॅडम. फक्त ते रंगाने बोललं नाही."

बाई हसल्या आणि काहीतरी लिहिलं. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच फसफशीला "लेमन सोडा!" म्हणून ओरडले असते आणि तिन्ही बीकर उचलून घरी घेऊन आले असते.

उत्तरं तिन्ही बरोबर होती, पण इंडिकेटरच्या रंगाचे गुण गेले. जास्वंदवाले पहिले आले, आम्ही दुसऱ्यावरून तिसऱ्यावर घसरलो. बाहेर आल्यावर चष्मेवालीने मला खिंडीत गाठलं.

"आजी, हळद नेली असती तर?"

उंच मुलगी मधे पडली. "हळद नेली असती तर न्यूट्रल सापडलंच नसतं. तू बघितलंस ना त्यांचं काय झालं?"

रसायनशास्त्राच्या बाई नातीला म्हणाल्या, "पुढच्या वेळी तू पहिल्या फेरीपासून बोलायचं."

"हो, पण बझर पण माझ्याकडे पाहिजे," नात म्हणाली. चष्मेवालीने असा चेहरा केला की मला तिची दया आली.

मी सगळ्यांना पियूष पाजलं. तिसरा नंबर काय कमी असतो? टॅक्सीत बसल्यापासून नात बोलत होती. मधल्या नळीत बुडबुडे आले तेव्हा तिला आधी काय वाटलं, मग काय वाटलं, जास्वंदवाल्यांनी पाणी गाळून आणलं होतं ते तिला कसं दिसलं, मॅडमच्या चष्म्याची दोरी कसली होती. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा सुनेने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

चाळ पाडून उभ्या राहिलेल्या आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये शेजारी भेटले, त्यांनी सहज विचारलं, "काय मग, कशी झाली क्विझ?" बास. लिफ्ट आमच्या मजल्यावर आली, दार उघडलं, सून आणि मी बाहेर पडलो. नात एक पाय दारात अडकवून आतल्यांना सांगत होती. माझ्या ओरडण्याची नक्कल करताना तिने हात असे काही उडवले, की वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या पिशवीतली कोथिंबीर खाली पडली. लिफ्ट टूंटूं करून बोंब मारत होती. आत कुणीही कटकट करत नव्हतं. काकू कोथिंबीर उचलत म्हणाल्या, "थांब थांब, मग त्या मॅडम काय म्हणाल्या?"